कामाचां नाय

रापणीचं जाळं किनाऱ्याला लागलं की आधी कावळे येतात, मग कुत्री, मग घारी, आणि सगळ्यांत शेवटी पिशव्या घेऊन आम्ही. परवा सकाळी वहिनीने पेडवे आणायला पिटाळलं म्हणून मी गेले होते. मासळी बेताचीच होती. तारले, पेडवे, मूठभर बांगडे, एखाददुसरा सौंदाळा. बाकी शेवाळ, प्लॅस्टिक आणि वितळत चाललेले जेलीफिश. वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्या रापणकराने ढिगात हात घातला आणि शिवी हासडून झटकन मागे घेतला. मग एका फळकुटाने त्याने एक तपकिरी, गोलसर, लिबलिबीत पाकट बाहेर लोटलं. हातभरसुद्धा नव्हतं. मी वाकून बघायला लागले तसा तो ओरडला, "हात नको लाव गो बाय, झटको बसतलो!" आणि मग, शहरात राहून आलेल्या बाईला एवढंही ठाऊक नसावं याची कीव येऊन, समजुतीच्या सुरात म्हणाला, "ह्यां कामाचां नाय. खावक पन नाय नि इकूक पन नाय."

मी हात लावलाच. कोपरापर्यंत एक बोथट, किळसवाणी सणक गेली, बोटं आपोआप मिटली, आणि आजूबाजूच्या पोरांना सकाळची करमणूक मिळाली. पाकट पुन्हा पाण्यात गेलं. मी पेडवे घेऊन घरी आले, वहिनीने ते निवडले, तिरफळं घालून तिखलं झालं, जेवणं झाली. पण दुपारी पडल्यावर ते "कामाचां नाय" काही डोक्यातून जाईना. कारण नोकरीची सगळी वर्षं मी ज्या रेणूवर घालवली, तो रेणू याच माशाच्या भाऊबंदांच्या अंगातून काढलेला असायचा. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातलं टॉर्पेडो नावाचं पाकट. आमच्याकडे यायचा तो त्याचा फक्त वीज तयार करणारा अवयव, कोरड्या बर्फात गोठवलेला, थर्मोकोलच्या खोक्यात, कस्टमच्या शिक्क्यांसकट. अख्खा मासा, जिवंत, अंगाला झटका देणारा, मी त्या सकाळपर्यंत पाहिलेला नव्हता. आणि तो आमच्या दारातल्या समुद्रात होता.

त्या अवयवाची गंमत अशी की तो मुळात स्नायूच आहे, आकसायचं विसरलेला. त्यातल्या चपट्या पेशी घावण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येक पेशीच्या एकाच अंगाला मज्जातंतू येऊन टेकतो. तंतूच्या टोकातून असिटिलकोलीन नावाचं निरोप पोचवणारं द्रव्य सुटतं, पेशीच्या त्या अंगावर बसलेले रिसेप्टर, म्हणजे माझे ते रेणू, तो निरोप पकडतात, दार उघडतं, सोडियम आत घुसतो. एकेका पेशीतून निघणारी वीज क्षुल्लक, पण चळतभर पेशी एकाच क्षणी पेटल्या की रापणकराच्या तोंडून शिवी निघते. माणसाच्या स्नायूतही हाच रिसेप्टर असतो. मी हे वाक्य लिहिताना बोट हलतंय ते त्याच्याच कृपेने. पण आपल्यात तो मज्जातंतू आणि स्नायू भेटतात तेवढ्या इवल्या जागेपुरता. या पाकटाच्या अवयवात मात्र एका चौरस मायक्रॉनमध्ये दहा हजारांच्या आसपास दाटीवाटीने बसलेले. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी या माशाचा पिच्छा पुरवला. १९८२ साली क्योटोमधल्या शोसाकू नुमा यांच्या गटाने या रिसेप्टरच्या एका घटकाचं जनुक पहिल्यांदा वाचलं, तेही टॉर्पेडोवरूनच.

मे महिन्यात, मुंबईत बाहेर माणसं घामाने निथळत असताना, मी स्वेटर घालून शीतखोलीत तो अवयव वाटत बसायचे. चार अंश तापमान, नाकात खारट, किंचित लोखंडी वास, आणि हातमोज्यांत बधिर झालेली बोटं. मी मासेखाऊ घरातली, त्यामुळे वासाचं काही वाटायचं नाही; आमच्यातला एक सहकारी मात्र कट्टर शाकाहारी होता आणि तो पहिले काही महिने नाकाला रुमाल बांधून काम करायचा. वाटलेल्या रसातून रिसेप्टर वेगळा काढायची युक्ती म्हणजे नागाचं विष. विषातला एक घटक बारीक मण्यांवर चिकटवायचा, मणी काचेच्या नळीत भरायचे आणि वरून तो रस थेंबथेंब सोडायचा. बाकी सगळं वाहून जातं. रिसेप्टर तेवढा विषाला धरून बसतो. मग किती मिळाला हे मोजायला आणखी एक विष, मण्यारीचं. तैवानमध्ये चांग आणि ली या दोघांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते या रिसेप्टरला एकदा चिकटलं की जवळजवळ सुटतच नाही. त्यावर किरणोत्सारी आयोडीनचं लेबल लावलं की किती चिकटलं ते मोजता येतं.

मला नेहमी वाटत आलंय की रिसेप्टरबद्दल आपल्याला जे काही कळलं ते बहुतेक सगळं विषांनीच सांगितलं. १९०५ साली केंब्रिजच्या लँग्लीने कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन टाकलं, स्नायू ताठला. क्युरारे टाकलं, ताठणं थांबलं. स्नायूकडे जाणारा तंतू कापून तो झडून गेल्यावरही निकोटिनचा परिणाम तसाच. म्हणजे औषध ज्याला जाऊन भिडतं असं काहीतरी स्नायूतच असलं पाहिजे. ते 'काहीतरी' कोणी पाहिलेलं नव्हतं. एक तंबाखूतलं विष आणि एक बाणाच्या टोकाला लावायचं विष, एवढ्या भांडवलावर माणसाने नुसत्या तर्काने ते ओळखलं. आम्ही पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी येऊन त्याचं वजन केलं, त्याची जनुकं वाचली, पाच प्रथिनं गोलाकार उभी आणि मधून अरुंद वाट असा त्याचा घाट काढला. पण लँग्लीचा हेवा मला अजून वाटतो.

त्या सगळ्यात माझ्या वाट्याला आलेलं खरं सुख होतं रात्रीचं. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर काचेची अतिबारीक नळी टेकवून एकट्या रिसेप्टरमधून वाहणारा प्रवाह मोजला. त्या तंत्राला पुढे, १९९१ साली, नोबेल मिळालं. आमच्याकडे ते तंत्र आलं तेव्हा आम्ही ते रात्रीच वापरायचो, कारण दिवसा लिफ्ट, एसी, शेजारच्या खोलीतलं सेंट्रिफ्यूज, सगळ्यांची घरघर त्या प्रवाहावर चढायची. टेबलाभोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा, त्यावर जागोजागी अॅल्युमिनियम फॉइल. हाताने ओढून, तापवून गुळगुळीत केलेली काचेची नळी पेशीवर टेकवायची, तोंडाने नळीतून हलकेच हवा ओढायची आणि श्वास धरून पडद्यावरची रेघ सपाट होण्याची वाट बघायची. दहांतल्या नऊ वेळा काही होत नाही. एखाद्या वेळी रेघ शांत होते, आणि मग ती अचानक एक पायरी खाली जाते. थांबते. पुन्हा वर येते. दोन-तीन मिलिसेकंदांचा खेळ. तेवढ्यात वीस-तीस हजार आयन आत जाऊन दार बंद झालेलं असतं. एक रेणू उघडला आणि मिटला, आणि मी तो उघडताना पाहिला. अर्धवट उघडलेलं काही नाही; एक तर मिटलेलं, नाही तर सताड. असं काही बघितल्यावर पहाटे कॅन्टीनच्या बंद दारासमोर बसून चहाची वाट बघतानाही मन भरून यायचं. त्याचा उपयोग काय, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी बहुधा हसले असते.

उपयोगाचा विचार गावी आल्यावर सुरू व्हायचा.

मी प्राथमिक शाळेत असतानाची गोष्ट. भाताचा पेंढा रचताना आमच्या वाडीतल्या एका पोराला विंचू चावला. लाल, लहानसा. आमच्याकडे काळ्या थोराड इंगळीला लोक घाबरायचे, लाल विंचवाला नाही. खरा मारणारा तोच. विंचू उतरवणारा आला, त्याने पायावरून झाडू फिरवला, तोंडाने पुटपुटत राहिला. दुखणं उतरलं असं पोराने सांगितलंही. पण त्याचं अंग घामाने चिंब झालं होतं आणि हातपाय बर्फ. मला तो घाम आठवतो, कारण त्याच्या आईने पदराने पुसला की पुन्हा लगेच उभा राहायचा. रात्री त्याला उलट्या झाल्या, मग धाप लागली, आणि पहाटेच्या सुमारास तोंडातून गुलाबी फेस आला. घरातल्या बायकांनी आम्हा मुलांना माजघरात नेऊन दार लावून घेतलं. पुढचं आम्ही ऐकलं फक्त. कितीतरी वर्षांनी मी पुस्तकात वाचलं की लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या, म्हणजे सोडियमला आत सोडणारी दारं, मिटू देत नाही. शरीर अॅड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांत बुडून जातं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. वाचता वाचता मला माजघराचं लावलेलं दार दिसत होतं.

इकडे मी परदेशातल्या आणि मुंबईतल्या काचेच्या नळ्यांमध्ये रमलेली असताना, जालन्याकडून कोकणात नोकरीला आलेला एक डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशाच पोरांच्या उशाशी रात्र रात्र बसून घाम, नाडी, रक्तदाब लिहून काढत होता. डॉ. हिंमतराव बावस्कर. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आणि मग त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. ती रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा नावाच्या वेगळ्या रिसेप्टरवर जाऊन बसते, म्हणजे विषाने उसळवलेल्या अॅड्रिनलिनला बसायला जागा उरत नाही. त्याआधी विंचवाने अत्यवस्थ झालेल्या शंभरांपैकी तीस-चाळीस रुग्ण दगावायचे. ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांना वाटलं की ते आपल्याकडचेच.

त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते नीट सांगता येणं अवघड आहे. आदर आहेच. पण त्याखाली एक असूया आहे, ती लपवत नाही. रिसेप्टर हा माझा विषय. आणि माझ्याच कोकणात रिसेप्टरच्या ज्ञानाने पोरं वाचवली ती पिंजरा, सूक्ष्मदर्शक, काही म्हणता काही जवळ नसलेल्या माणसाने. मग मी स्वतःची समजूत घालते की अल्फा आणि बीटा असे दोन वेगळे रिसेप्टर असतात हे १९४८ साली अमेरिकेत अॅल्क्विस्टने सांगितलं नसतं तर ती गोळी कुठून आली असती? आणि अॅल्क्विस्टचा तो निबंध आधी एका नियतकालिकाने परतही पाठवला होता. तेव्हा तोही कुणाला कामाचा वाटला नव्हता. समजूत बरोबर आहे. तरी ती पुरत नाही, कारण अॅल्क्विस्ट म्हणजे मी नव्हे.

आणि एक विचित्र गोष्ट. माझ्या कपाटात एक चिमुकली कुपी असायची, तळाशी दिसेल न दिसेल अशी पांढरी भुकटी, किंमत ऐकली तर वहिनी चक्कर येऊन पडेल. इबेरिओटॉक्सिन. १९९० साली वेगळं केलेलं, ३७ अमिनो आम्लांचं विष, पोटॅशियमच्या एका जातीच्या वाहिन्या बंद करणारं, मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत सगळीकडे लागणारं. ते मूळ काढलं होतं आपल्याच लाल विंचवाच्या विषातून. आमच्या पेंढ्यातला जीव, आणि माझ्या हातात येत होता डॉलरमध्ये. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. आता तितकंसं येत नाही.

माझ्या स्वतःच्या रिसेप्टरने मला एकदाच गावात तोंड दाखवायला जागा दिली. शेजारच्या काकींच्या पापण्या संध्याकाळ झाली की गळायच्या. सकाळी ठीक; दिवे लागणीला डोळे उघडेनात, आवाज नाकातून यायला लागे, भाकरी चावताना जबडा दमे. कोणी म्हणालं अशक्तपणा, कोणी म्हणालं बाहेरचं. तालुक्याच्या एका डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. मी सुट्टीला आले होते. ओसरीवर काकी हनुवटी हाताने सावरून बोलत होत्या आणि त्यांच्याकडे बघता बघता मला १९७३ सालचे ससे आठवले. पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशातून काढलेला हाच रिसेप्टर सशांना टोचला होता, प्रतिपिंडं मिळवायला. ससे लुळे पडले, माना टाकल्या. सशांची प्रतिपिंडं त्यांच्या स्वतःच्याच रिसेप्टरवर उलटली होती. मायस्थेनिया नावाच्या, स्नायू दमवणाऱ्या आजाराचं कोडं त्या सशांमुळे सुटलं. काकींना गोव्याला नेलं. तिथे असिटिलकोलीन टिकवून धरणारं निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं, आणि थोड्याच वेळात दोन्ही पापण्या वर उचलल्या गेल्या. मी समोर उभी होते. काकींनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि पहिलं वाक्य काढलं ते, "अगो, तुझे केस किती पिकले!" त्यानंतरही त्या कितीतरी वर्षं जगल्या, गोळ्यांवर. आमच्या वाडीत मी तेव्हापासून 'पापण्यांची डॉक्टर' आहे. मी डॉक्टर आहे ती पीएचडीची, हे सांगून उपयोग नाही.

रापणकराला मी त्याच दिवशी संध्याकाळी हे सगळं थोडक्यात सांगून बघितलं. तो जाळं विणत होता, हातातलं काम न थांबवता त्याने ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मगे थयसर तेका भाव काय मिळता?" गोठवलेल्या अवयवाची मला आठवत होती ती किंमत सांगितली. त्याने हात थांबवला. इतक्या वर्षांच्या संशोधनाचं इतकं मनापासून झालेलं कौतुक माझ्या वाट्याला क्वचितच आलंय.

वहिनीचं असंच. २०२१ चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांना मिळालं, मिरचीची जळजळ ज्या रिसेप्टरमुळे कळते तो शोधल्याबद्दल, तेव्हा पेपर वाचून तिने मला मुंबईला फोन केला होता. गरम भांड्याचा चटका आणि मिरचीचा तिखटपणा शरीराला एकाच दारातून कळतो, हे मी तिला समजावलं. तिला यात नवल काही वाटलं नाही. "म्हणान तर गरम सारात तिखट जास्त लागता," ती म्हणाली, "हेच्यासाठी नोबेल?"

या सगळ्यांत पटवायला सर्वांत कठीण आमचे तात्या. निवृत्त शिक्षक, नात्याने चुलतभाऊ, वयाने वडिलांच्या जागी. परसात मुंगूस दिसलं की त्यांचा विषय ठरलेला: नागाशी भांडण झालं की मुंगूस रानात जाऊन मुंगुसवेलीचं मूळ खातं आणि विष उतरवतं. मी त्यांना सांगते की इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स यांच्या गटाने १९९२ मध्ये मुंगसाचा रिसेप्टर तपासला. विष जिथे चिकटतं नेमक्या त्याच जागी, १८७ आणि १८९ क्रमांकांच्या आसपास, मुंगसाची अमिनो आम्लं बदललेली आहेत आणि एका ठिकाणी साखरेची साखळी लोंबते आहे. मण्यारीचं ते विष तिथे बसूच शकत नाही; असिटिलकोलीन मात्र बसतं. नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही अशीच साखळी आहे, म्हणून त्याला स्वतःचं विष बाधत नाही. शिवाय मुंगूस चपळ, केस राठ, दात लागणंच कठीण. इतका देखणा पुरावा मी माझ्या क्षेत्रात फार थोडा पाहिलाय, आणि तो सांगताना माझा आवाज अजून चढतो.

तात्या शांतपणे सुपारी कातरत ऐकतात. "आसात तुझो तो रिसेप्टर," ते म्हणतात, "मी नाय खंय म्हणतंय? पण मगे तां वेलीकडे जाता कित्याक, तां सांग."

"तुम्ही जाताना पाहिलंय?"

"माझ्या आज्यान बघितल्यान."

"बरं, ती वेल तरी दाखवा. पानं, मूळ, सगळं घेऊ. मी तपासायला पाठवते."

"पावसाळो सरांदे," तात्या म्हणतात. "मगे जावया रानात."

पावसाळा दर वर्षी सरतो. आणि दर वर्षी त्याच सुमाराला तात्यांचा गुडघा धरतो.